चपलेचा वास

नव्या कातडी चपलांचं दुकान लागलं की मला सोलापूरचा टॉवेलचा कारखाना आठवतो. आठवी सोडून मंद्रूप गावाहून तिथं कामाला लागलो होतो. थोडा मोठा झाल्यावर मागावर घेतलं, आणि एका दुपारी मागापाशीच पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात रक्ताची चव होती, खडखडाट चालूच होता आणि कुणीतरी नाकाला चप्पल धरली होती. "फेफरं हाय ह्येला. उद्यापासनं येऊ नगंस," मुकादम म्हणाला. मी त्याचे पाय धरले. घरी पैसे पाठवायला माझ्याकडं दुसरं कामच नव्हतं. शेवटी तोच मला शुक्रवार पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. तपासण्या झाल्यावर बाई म्हणाल्या, "याला अपस्मार म्हणतात. मेंदूचा विकार आहे." मुकादमानं विचारलं, "म्हंजी येडाबिडा न्हाय न्हवं?" "वेडा नाही, आणि बाहेरचंही काही नाही. रोज गोळी घ्यायची. मागावर मात्र उभा करू नका." मुकादमानं डोकं खाजवलं. "मग टॉवेलांच्या घडीला बसवतो की." बाईंनी चिठ्ठी लिहून दिली: अपस्मार आहे, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल हुंगवू नका. आता इकडं सुरतेत एका हॉटेलात चादरींच्या घड्या करतो. कामावर नवा जोडीदार आला की चिठ्ठी काढतो. इथं मराठी कुणाला वाचता येत नाही, म्हणून मीच हिंदीत करून वाचून दाखवतो, पहिल्या शब्दापासून.