गुरुवारची हरकत

"खुर्च्या तू लाव. पाणी राहू दे, पाणी दुसरं कोणी भरेल."

सर हे मराठीत म्हणाले, सगळ्या वर्गासमोर. त्याआधी आडनाव विचारून झालं होतं, म्हणजे जात कळली होती. घर किला गेटजवळ, पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेले, हेही मीच सांगितलं.

"फौजेत म्हणजे काय करायचे?"

"घोड्यांची लीद उचलायचे, सर."

खरं तेच सांगितलं. ग्वाल्हेरात मास्तर आपली भाषा बोलणारा निघाला, म्हणून मला तो आपला वाटला. केवढी मूर्ख मी.

सर जयेंद्रगंज मोहल्ल्यातले. त्यांचे पूर्वज दरबारात हुद्द्यावर. आंतरराष्ट्रीय कायदा ते खटल्यांवर चर्चा घेऊन शिकवायचे. दर गुरुवारी वर्गाचं न्यायालय व्हायचं. दोघं एका देशाचे वकील, दोघं दुसऱ्याचे, तिघं न्यायाधीश. पाळीपाळीने सगळ्यांना संधी. मला मात्र कायमचं शिरस्तेदार केलं. खुर्च्या मांडायच्या, खटल्याचं नाव पुकारायचं आणि कोपऱ्यात बसून बाकीचे काय बोलले ते लिहायचं. "तुझं अक्षर छान आहे," सर म्हणाले.

मला बोलायचं होतं. वकील व्हायला आले होते मी, खुर्च्या उचलायला नाही. पण एक गुरुवार गेला, दुसरा गेला, अख्खं सत्र गेलं. मुलं हाक मारायची, "ए शिरस्तेदार, एक कुर्सी कम है." मी आणून द्यायचे. हसून द्यायचे, याचीच आज चीड येते.

मग मासेमारीचा खटला आला. एका देशाने समुद्रात आपली हद्द आखली, दुसरा म्हणाला, हे प्रथेविरुद्ध आहे. सरांनी समजावलं, "देशांमधली प्रथाच कायदा होते. जो पहिल्यापासून हरकत घेतो, त्याला ती लागू नाही. जो गप्प राहतो, तो बांधला गेला."

मी लिहीत होते. हात थांबला. हा माणूस माझ्याबद्दलच बोलत होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

उभी राहिले.

"सर, माझी हरकत आहे. सगळ्यांची पाळी आली, माझी का नाही? आणि पाण्याला मी हात का लावायचा नाही, तेही सांगा."

सर हसले. "उशीर झाला, बाई. आत्ताच शिकवलं ना? इतके दिवस गप्प होतीस, म्हणजे मान्य होतं."

"पुढचा धडाही वाचलाय मी. काही प्रथा कितीही जुन्या असोत, कोणी कितीही गप्प राहो, त्या कायदा होत नाहीत. गुलामी त्यातलीच. माणसाला जन्मावरून खाली ठेवणंही."

"बैठ जाओ," सर म्हणाले. त्यांची मराठी तिथेच संपली. मी तास संपेपर्यंत उभी राहिले.

आई नई सडकेवर साड्यांच्या दुकानात घड्या घालते. ऐकून तिचा चेहरा उतरला. "तोंडी परीक्षा त्यांच्याच हातात ना गं? साल बरबाद होईल. माफी माग." तिचा राग आला नाही. आयुष्यभर मान खाली घालूनच तिने मला इथवर आणलंय.

पण माफी मागणार नाही. कुलसचिवांच्या नावाने अर्ज लिहिलाय, सरांचे शब्द जसेच्या तसे. उद्या देणार. येत्या गुरुवारी वकिलाच्या जागी उभी राहणार, बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. नापास करायचं तर करू दे. जिला स्वतःची बाजू मांडता आली नाही, तिने उद्या दुसऱ्याची वकिली कोणत्या तोंडाने करायची?