केस वाळेपर्यंत

ओले केस या विषयावर शेवटचा शब्द बोलण्याचा अधिकार साऱ्या पृथ्वीवर एकाच बाईला आहे, आणि ती बाई कोलकात्यात, डमडमला, आमच्या खालच्या मजल्यावर राहते. हे मूळ मत त्यांचं स्वतःचं. पण शेजारात राहून राहून आता माझंही तेच झालं आहे. एरवी काकू कुठल्याही वादात माघार घ्यायला तयार असतात. राजकारण, माशांचा ताजेपणा, काकांचं ब्लडप्रेशर, सगळ्यांत समोरचा म्हणेल ते खरं. पण कुणी ओल्या केसांत खसाखसा कंगवा फिरवताना दिसलं, की भर रस्त्यात कुणी लहान पोराला बडवत असावं तशा त्या मध्ये पडतात. एकदा मेट्रोत समोर बसलेल्या अनोळखी मुलीच्या हातातला कंगवा त्यांनी काढून घेतला होता. मुलगी बंगाली, काकूंचं बंगाली घाईत हिंदीकडे वळणारं. तरी एस्प्लनेड येईपर्यंत त्या मुलीने ‘पुन्हा असं करणार नाही’ असं कबूल केलं आणि कंगवा परत मिळवला.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. काका केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन इथे आले, ‘थोड्या दिवसांचा प्रश्न आहे’ म्हणत राहिले, आणि निवृत्त होऊनही इथेच आहेत. मी बँकेत अधिकारी. हिंगोलीकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते सांगण्यासारखंच आहे. बदली कोलकात्याला झाली तेव्हा खाली मराठी माणसं राहतात एवढ्यावर मी वरचं घर भाड्याने घेतलं.

आमची ओळख झाली ती वासावरून. माझे केस दाट, जाड, कुरळे आणि अत्यंत हट्टी. शाळेत असताना आई ते तेल चोपडून दोन वेण्यांत इतके करकचून बांधायची, की वर्गातल्या फोटोत माझ्या भुवया कायम आश्चर्य वाटल्यासारख्या वर गेलेल्या आहेत. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मोठ्या साहेबांसमोर उभं राहून बोलायचं होतं. मी केस सरळ करायचं मशीन विकत आणलं, सकाळी न्हाले आणि लगेच कामाला लागले. कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री केली की ती कडक बसते; तर केसांवर का बसू नये? मला तर हा विचार फार हुशारीचा वाटला होता. पहिली बट मशीनमध्ये धरली आणि चर्र असा आवाज आला. वाफ निघाली. मला वाटलं, चाललंय झकास. दुसऱ्या बटेला दार वाजलं.

दारात एक अनोळखी बाई. हाताला कणीक लागलेली.

“कढईत काय टाकलंयस गं?”

“केस,” मी म्हणाले.

त्या आत आल्या, आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझा कपड्याच्या इस्त्रीचा सिद्धान्त त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, “शिकलेली दिसतेस.”

“हो. बी.कॉम., फर्स्ट क्लास.”

“तरीच. न शिकलेलीला असलं काही सुचलं नसतं.” आणि माझं डोकं दिव्याकडे वळवत म्हणाल्या, “अगं, केसातलं पाणी आतल्या आत उकळतं. दाट केस बाहेरून वाळलेले दिसतात, आत तळं असतं. आधी वाळू दे. पूर्ण. मग काय ती इस्त्री कर.”

त्या दिवशी साहेबांसमोर मी अंबाडा घालून बोलले. चांगलं बोलले, ती गोष्ट वेगळी.

पण डोकं वळवताना त्यांची बोटं केसांत जी फिरली, त्यावरून माझ्या लक्षात आलं की या हातांना असले केस ठाऊक आहेत. ठाऊक असणारच होते. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचे केस थेट माझ्यासारखे. लेकीचं कागदोपत्री नाव भारदस्त मराठी आहे. पण शेजारच्या बायकांनी ती पाळण्यात असतानाच तिची ‘बुली’ केली आणि घरातही तेच राहिलं. बुलीचं लहानपण आईच्या पुढ्यात केस वाळवण्यात गेलं. बाकीची पोरं खाली खेळायची आणि ही बाल्कनीच्या उंबऱ्यात पाठ करून बसलेली. कॉलेजात गेल्यावर एक दिवस ती पार्लरमधून कायमचे सरळ केलेले केस घेऊन घरी आली आणि म्हणाली, “आई, आता तुला काय त्रास नाय. झालं, संपलं.” त्यानंतर तिने आईला केसांना हात लावू दिला नाही. मग नोकरीसाठी बंगळूरला गेली. केस पुढे मुळापासून पुन्हा कुरळे उगवत राहिले आणि ती ते तिकडेच सरळ करत राहिली. भांडण असं काही नव्हतं. फोन रोज व्हायचा. पण काकू एकदा माझ्या बटा सोडवता सोडवता म्हणाल्या होत्या, “लग्नाच्या दिवशी तरी तिचे केस माझ्या हातून वाळावेत. बाकी मानपान, आहेर, मला काही नको.” आणि लगेच, “मान सरळ ठेव.”

काकूंकडे केस वाळवणं म्हणजे आख्खा रविवार. त्याची सुरुवात आकाशाकडे बघून होते. विमानतळ जवळ, विमानं डोक्यावरून उतरतात. आणि विमान उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन, हे कुठूनसं काकूंना कळलेलं. तेव्हापासून कोलकात्याच्या हवामानाची जबाबदारी त्यांनी विमानांवर टाकली आहे. विमानं उत्तरेकडून यायला लागली की दक्षिणेचा वारा सुटलेला, म्हणजे आमच्या बाल्कनीत थेट येणारा. त्या दिवशी न्हायचं. दक्षिणेकडून यायला लागली की उत्तरेचा वारा, तो बाल्कनीत येत नाही, मग गच्चीवर. आणि विमानं घिरट्या घालायला लागली तर काकू खालूनच ओरडतात, “आज डोक्यावरून पाणी घेऊ नकोस गं, त्यांनाच कळेना झालंय!” पंख्याच्या वाऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. पंखा वरून वारा मारतो, त्यामुळे वरचे केस वाळतात आणि खालचे रुसतात. ड्रायरचं तर नाव काढायचं नाही. मी एकदा काढलं, तर आठवडाभर आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं.

न्हाऊन आलं की टॉवेल लावायचा नाही. टॉवेलचे धागे केसांना ओढतात म्हणे. त्यासाठी काकांचे जुने सुती बनियन लागतात, आणि तेही वापरून वापरून पुरते मऊ झालेले. पोटावर भोक पडून काकांना आवडायला लागलेला बनियन काकूंच्याही डोळ्यांत भरतो, असा नेमका योग दर वेळी येतो. “माझ्या अंगावर असताना तरी ओढू नकोस,” एवढंच काका म्हणतात. बनियनने केस दाबायचे, घासायचे नाहीत. मग बोटाला किंचित खोबरेल लावून गुंता सोडवायचा, तो टोकापासून वर. मुळापासून खाली आलात तर सगळ्या गाठी तुम्हीच खाली नेऊन एकत्र बसवता. हे सांगताना काकूंचा आवाज कीर्तनकारासारखा होतो. सुटलेल्या बटांच्या सैलसर वेण्या घालून चिमट्यांनी टांगायच्या, म्हणजे केस लांब ताणून वाळतात आणि पुढे मशीनला काम कमी पडतं. आणि मग बसायचं. फोनवर बोलायचं नाही, कारण मान कलते. हसायचं नाही, कारण खांदे हलतात. पण त्याच वेळी काकू शेजारपाजारच्या इतक्या खमंग गोष्टी सांगतात, की न हसणं ही खरी शिक्षा. आमच्या दमट हवेत केस वाळायला लागतो तेवढा वेळ लागतोच. काका पेपर वाचून, जेवून, झोपून उठतात आणि विचारतात, “ही अजून इथेच?” काकू म्हणतात, “ती नाही, तिचे केस.” शेवटी संध्याकाळी मशीन फिरतं, आणि खरं सांगते, काही मिनिटांत केस रेशमासारखे खाली येतात. कुठे चर्र नाही, वास नाही, गाठ नाही.

मागच्या हिवाळ्यात बुलीचं लग्न ठरलं. मुलगा बराकपूरचा, बंगाली, नोकरी तिच्यासारखीच बंगळूरला. काकूंना जावई आवडला. त्याचे केस विरळ आहेत, त्यामुळे काही बोलायला जागा नाही, एवढीच तक्रार. लग्न जवळ आलं तशा त्या सारख्या बाल्कनीत जाऊन वर बघायला लागल्या. मऊ बनियन धुऊन घडी करून ठेवलेले. पण लेकीला विचारायचं मात्र नाव नाही. मी म्हटलं, “काकू, सरळ सांगा ना तिला.”

“सांगून बसली तर काय उपयोग? ती आपणहून बसली पाहिजे.”

“मग मी सांगू?”

“तू बँक सांभाळ.”

बुली आली आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाली, “आई, पार्लर मी तिथूनच बुक केलंय. सकाळी लवकर जाणार. तू काय टेन्शन घेऊ नको हां.”

“बरं,” काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. तो चहा त्यांनी इतका उकळला की काकांनाही कळलं, आणि काका तो तसाच प्यायले.

लग्नात बुली देखणी दिसली. पार्लरवाल्यांनी तिचे केस भाजून, फवारून, आत खोटे केस भरून डोक्यावर देऊळ उभारलं होतं, आणि ते पडू नये म्हणून पिना अशा ठोकलेल्या, की वाकून नमस्कार करताना ती मानेऐवजी कमरेतून आख्खीच वाकत होती. लोक वाहवा करत होते. काकूही “छान झालंय” म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे हे म्हणताना त्या देवळाकडे न बघता लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

बराकपूरचे समारंभ आटोपून जोडपं निरोप घ्यायला सकाळीच डमडमला आलं. संध्याकाळच्या विमानाने परत जायचं होतं. रविवार असल्याने मीही खालीच होते. बुलीने डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. दार लागताच तिने ती सोडली, आणि काका पेपर खाली ठेवून उभेच राहिले. पिना निघाल्या होत्या, पण फवाऱ्याने केस चिकटून त्यांचं एक घट्ट, जाड घरटं झालं होतं. तिने ते तसंच धुतलं होतं, टॉवेलने खसखसून पुसलं होतं, वर कंगवाही चालवून पाहिला होता. पार्लरवालीला फोन केला, तर ती म्हणाली, मागून कापावे लागतील.

“आई,” बुली म्हणाली, “हे बघ ना काय झालंय.” आणि बाल्कनीच्या उंबऱ्यात, आईकडे पाठ करून, बसली.

काकूंनी एक शब्द सुनावला नाही. मला तर निदान पार्लरवर एक प्रवचन होईल अशी खात्री होती. त्यांनी ते घरटं पुन्हा ओलं केलं, भरपूर कंडिशनर चोपडला, आणि टोकापासून एकेक केस मोकळा करायला घेतला. एका बाजूच्या बटा धरायला मला बसवलं.

“दुखतंय?”

“नाय.”

“खोटं बोलू नकोस.”

“थोडं. पण तू कर.” मग थोड्या वेळाने, “आई, कापावं तर लागणार नाही ना?”

“माझ्या घरात?” काकू म्हणाल्या, आणि मला एकदम बरं वाटलं, कारण हा आवाज ओळखीचा होता.

आत जावई काकांशेजारी ताठ बसला होता. मध्येच त्याने काकांना हळूच हिंदीत विचारलं, “और कितनी देर लगेगी, बाबा?” काका म्हणाले, “बेटा, अभी तो सिर्फ शुरू हुआ है,” आणि पेपरची निम्मी पानं काढून त्याच्या हातात दिली.

गुंता सुटला. कात्री लागली नाही. डोकं धुऊन झालं, बनियन आले, सैल वेण्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिस, म्हणून बुलीला निघण्याआधी केस सरळ करून हवे होते. मशीन शेजारी तयार होतं. बाल्कनीत वारा चांगला होता. बुली तिच्या अर्ध्या मराठीत बंगळूरच्या घराबद्दल सांगत होती: तिथे पाणी जड आहे, केस काठीसारखे होतात, समोर कुणाची तरी पेरूची बाग आहे. काकू “हं, हं” करत ऐकत होत्या. त्या दिवशी शेजारपाजारची एकही गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

ऊन उतरायला लागलं. जावई दाराशी आला, घड्याळाकडे बघून बंगालीत म्हणाला, “बुली, गाडी बोलवू?”

माझ्या हातातली वेणी केव्हाच वाळली होती. आतपर्यंत, मुळापर्यंत, इतक्या रविवारांनंतर एवढं मला कळतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी लेकीच्या मानेपाशी बोटं घातली, जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, “इथे अजून ओलं आहे. बस थोडा वेळ.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बुलीने हात मागे नेला, मानेवरचे केस चाचपले. हात परत मांडीवर आणून ठेवला.

“हो रे,” ती नवऱ्याला म्हणाली, “अजून ओले आहेत.”

आणि मान सरळ करून बसली.