विळी घेऊन जाणारी शालन आत्या

शालन आत्या पहिल्यांदा मेली तेव्हा खो-खो हसली.

एका सांगाड्याने कुऱ्हाड घालून तिला आडवी केली होती. गेममध्ये.

"मेले की गं," म्हणाली. "आता?"

आता पुन्हा सुरुवातीपासून, मी सांगितलं.

"बरी सोय आहे. आपल्यात नाही अशी."

खरी गेली त्याला आज वर्ष झालं.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शालन आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. निर्मळ गावात आमच्याच घरात राहिली, वाडीतली केळी आणि मोगरा तिनेच बघितला.

आणि गावात कुणाकडे कार्य असलं की ही पहिली हजर, काखेत स्वतःची विळी घेऊन. लग्न असो, बारसं असो, शेजारच्या फिलोमिना मावशीच्या नातीचं चर्चमधलं कम्युनियन असो. आत्या मांडवात भाजी चिरायला बसली की मग बाकीच्या बायका जमायच्या.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात होता जागेवर, पण ऐकायचा नाही.

फिजिओवाल्या ताईंनी दाबायला रबरी बॉल दिला. आत्याने तो कुत्र्याला देऊन टाकला. मी काय तान्हं बाळ आहे का, म्हणाली.

म्हणून मी माझा गेमचा कंट्रोलर तिच्या हातात दिला. म्हटलं, बोटं तरी हलतील.

आता हा गेम म्हणजे काही फळं फोडायचा गेम नव्हे. शापित राजे, पडके किल्ले, घराएवढे राक्षस. पावलोपावली मरण. माझ्या ऑफिसमधल्या धडधाकट पोरांनी हा अर्धवट सोडलाय.

त्यात याला पॉज नाही. दूध उतू जात असलं तरी राक्षस थांबत नाही. आमचं बरंच दूध गेलं त्यात, आई अजून ऐकवते.

आत्याचं खेळणंही आत्यासारखंच. समोरचा तलवार काढेपर्यंत ही हात उचलायची नाही. त्याने आपलं काय वाकडं केलंय, म्हणायची. आणि मरायची.

एवढं मोठं राज्य, आणि कुणी एक केळ लावली नाही म्हणून राजावर तिचा भयंकर राग. "म्हणूनच शाप लागला असेल मेल्याला."

पण बोटं हळूहळू ऐकायला लागली. चहाचा कप धरता आला त्या दिवशी तिने अख्ख्या आळीला सांगितलं.

त्यातच पलीकडच्या वाडीतल्या रेखाकाकूंच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी आत्या सकाळीच विळी धुऊन तयार. मी हात धरून तिला मांडवात नेलं.

सगळ्या बायका प्रेमाने उठल्या. खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला, सरबत आणलं. विळी कुणीतरी हळूच हातातून काढून घेतली.

"शालनताई, तुम्ही नुसत्या बसा. तुम्ही आलात यातच सगळं आलं."

चांगल्याच आहेत हो त्या. चूक कुणाचीच नव्हती.

घरी आल्यावर आत्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवायला उठवायला गेले तर म्हणाली,

"मला पाहुणी केली गं त्यांनी."

त्यानंतर कुणाचं आमंत्रण आलं की मलाच पाठवायची. आपला आता कुणाला उपयोग नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. मला ते बघवायचं नाही.

या गेममध्ये एक सोय आहे. बॉससमोर, म्हणजे एखाद्या मोठ्या राक्षसासमोर, अडलात तर दुसऱ्या कुणाला मदतीला बोलावता येतं. ज्याला मदत करायचीय त्याने जमिनीवर आपली खूण ठेवायची. अडलेल्याला ती दिसते, तो बोलावतो, आणि तुम्ही थेट त्याच्या जगात. कुठल्या देशातला, कोण, काही कळत नाही. त्यालाही तुमचं वय दिसत नाही.

मी हे सहज बोलता बोलता सांगितलं. आत्या उठून बसली.

"म्हणजे त्याला कामाला मी हवी असते?"

हो, म्हटलं.

"खुर्ची नाही ना देणार?"

झालं. तिचा स्वतःचा गेम तिथेच थांबला. रोज दुपारी जेवण आटोपलं की एका म्हाताऱ्या राक्षसाच्या दारात खूण टाकून बसायची. कुणीतरी बोलवायचंच. मग पदर खोचून जायची. खरंच खोचायची, सोफ्यावर बसून.

कधी जिंकायचे, कधी हिच्यामुळेच हरायचे. जिंकल्यावर तिकडचा वाकून नमस्कार करायचा, आणि आत्या टीव्हीला हात जोडायची.

मी म्हणायचे, अगं, तुला हरवायचा तो शापित राजा तसाच बसलाय, त्याचं काय?

"बसू दे. आधी या पोरांचं बघते."

मग दुसरा झटका आला. त्यातून पुन्हा सुरुवात नव्हती. राजा बसलाय अजून.

आज वर्षश्राद्ध. सकाळी रेखाकाकू आल्या आणि मला म्हणाल्या, शालनताईंची विळी दे. तीच घेऊन भाजीला बसल्या, आणि रडत रडत भोपळा चिरला. मीही शेजारी बसून रडले.

जेवणं झाली, माणसं गेली. दुपारी मी आत्याचा गेम लावला. वर्षभर धीर झाला नव्हता.

गेममधली तिची ती बाई त्याच राक्षसाच्या दारात उभी होती. मी खूण टाकली. म्हटलं, एवढ्या जुन्या गेमला आता कोण येतंय.

चहा गाळेपर्यंत बोलावणं आलं.

गेले. मी आत्यापेक्षा बरी खेळते, पण डोळ्यांना काही दिसेना. पहिल्याच फटक्यात आडवी झाले. ज्याने बोलावलं त्या बिचाऱ्यालाही मारलं राक्षसाने.

वाईट वाटलं. पुन्हा खूण टाकली आणि बंद करायला उठले.

त्याने पुन्हा तुलाच बोलावलं, आत्ये.

ओढणी खोचलीय. तुझ्या वतीने जाऊन येते.

नमस्कार करते तुला.