पोलरायझर घेऊन गिरणाऱ्याच्या रानात

नाशिकहून सकाळी निघालो तेव्हा मेहुणा शिरीष गाडीच्या खिडकीत डोकं घालून म्हणाला, "दाजी, पोलरायझर नेताय, आता एक तरी बरा फोटो आणा." माझ्या फोटोंत माणसं पासपोर्टसाठी बसवल्यासारखी दिसतात, असं त्याचं मत. आज त्याचं तोंड बंद करायचंच, असं मी ठरवलं होतं.

गिरणारे गाव मागे टाकलं आणि सागाच्या रानात शिरलो. पोलरायझर म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगापुढची गोल, काळसर काच. तिची कडी फिरवली की पानांवरची, पाण्यावरची चकाकी जाते. मी फिरवली, चकाकी गेली. आणखी फिरवली, परत आली. तासाभरात चाळीस फोटो झाले आणि चाळीसही पानांचेच होते.

पुढे ओहोळ (छोटा ओढा) लागला. काठावर एक आजोबा तोंडावर टॉवेल धरून काठीने पाणी चाचपत होते.

"काय शोधताय, बाबा?"

"दात." चूळ भरताना त्यांची कवळी पाण्यात पडली होती. "उद्या नातीला बघायला पाव्हणे येणार. बोलणी मलाच करायचीत. असं बघितलं तर सून म्हणंल, गप आत बसा."

मला फार वाईट वाटलं. पाण्यावर आभाळ इतकं लखलखत होतं की तळ दिसतच नव्हता. सहज कॅमेरा डोळ्याला लावून कडी फिरवली आणि दुधावरची साय सारावी तशी चकाकी बाजूला झाली. खाली गोटे, शंख आणि एका दगडाला टेकलेली कवळी! सवयीने बोटाने बटणही दाबलं.

कॅमेरा आजोबांच्या गळ्यात घालून मी पाण्यात उतरलो. आत गेल्यावर मला पुन्हा आभाळच दिसायला लागलं. आजोबा मात्र काचेतून बघून हुकूम सोडत होते.

"डावीकडं! तुमच्या नाय, माझ्या डावीकडं!"

वळता वळता पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात बसलो. हात टेकला तो नेमका कवळीवर.

आजोबांनी ती धुतली, बसवली आणि लगेच फडक्यातली नागलीची (नाचणीची) भाकरी सोडली. अर्धी मला दिली. "लय कडक हाय," म्हणत कराकरा चावून दाखवली. "आता येऊ द्या पाव्हणे!"

संध्याकाळी ओल्या पँटीतच घरी पोचलो. शिरीषने चाळीस पानं एकेक करून पाहिली. मी मान खाली घालून बसलो होतो. शेवटच्या फोटोवर तो थांबला. नितळ पाण्याखाली, गोट्यांमध्ये, दातांच्या दोन ओळी लख्ख उमटल्या होत्या.

"दाजी," तो म्हणाला, "तुमच्या फोटोत पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून हसलंय."