डोहाखालच्या धारेतला नर

बाबांचा उजवा हात धुळवडीच्या दिवशी गेला. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या गावात धुळवडीला नाल्याच्या डोहात बार उडवायची रीत होती. बाबा गिट्टीच्या खदानीत सुरुंगाच्या कामावर, म्हणून जिलेटीनची कांडी आणायचं आणि पेटवून फेकायचं काम त्यांच्याकडेच. मेलेले मासे काठावर ओतायचे, घराघराचे हिस्से पळसाच्या पानांवर मांडायचे आणि मग दारू, असा क्रम होता. त्या वर्षी दारू आधी झाली. बाबांना वाटलं वात विझली. त्यांनी कांडी वर धरून पाहिली आणि ती हातातच फुटली.

अर्ध्या माणसांनी बाबांना ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेलं. उरलेल्यांनी दुसरी कांडी टाकली. संध्याकाळी आमचा हिस्सा घरी आला तो दोन पानांवर. एक घराचा आणि एक हाताचा, असं काका म्हणाला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. मायनं दोन्ही पानं चुलीवरच्या भांड्यात रिकामी केली, कारण घरात दुसरं काही नव्हतं. आम्ही खाल्लं.

खदानीनं बाबांना काही दिलं नाही. कांडी चोरीची होती. माय कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला जायची. बाबा घरी बसून प्यायचे आणि मायला डाव्या हातानं मारायचे. सुरुवातीला नेम चुकायचा. मग जमायला लागलं. मायचा पुढचा दात पडला त्या दिवशी मी वरवंटा उचलला आणि बाबांच्या पायावर टाकला. अंगठा फुटला. त्यानंतर बाबांनी मायवर हात उचलला नाही. तेव्हा मी सातवीत होते, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. यवतमाळला बी.एस्सी. केलं आणि तिथंच प्राणिशास्त्रात एम.एस्सी.ला बसले. प्रकल्पासाठी कोणी फुलपाखरं घेतली, कोणी पक्षी. मी आमचा नाला घेतला. दगड उलटायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तिथं मला तो भुंगेरा भेटला. तिळापेक्षा लहान, काळपट, पाठीवर दोन मळकट पिवळे ठिपके. पाण्यातले भुंगेरे म्हटले की लोकांना डबक्यात गरगर फिरणारे आठवतात, नाहीतर वल्ह्यासारखे पाय मारत बुडणारे. हा त्या कुळांतला नाही. याचं कूळ एल्मिडी. याला पोहता येत नाही. वाहत्या पाण्यात राहून पोहता न येणारा प्राणी, म्हणजे हा नुसता पकडीवर जगतो. पायांच्या टोकाला शरीराच्या मानानं केवढाल्या नख्या. दगडाला एकदा धरलं की पुराच्या पाण्यातही सोडत नाही. श्वासासाठी वर येत नाही. अंगाच्या खालच्या बाजूला इतकी दाट आणि बारीक लव असते की तिच्यात हवेचा पापुद्रा अडकून राहतो, आणि पाण्यातला प्राणवायू त्या पापुद्र्यातून आत येत राहतो. पाणी थंड, वाहतं आणि स्वच्छ असेल तोवर ठीक. साबण पडला, फवारणीचं औषध पडलं की पापुद्रा फुटतो आणि हा पाण्यातला किडा पाण्यातच बुडून मरतो.

आमच्या नाल्यात औषध तर पडायचंच. बाबांच्या हातानंतर खदानीतून कांड्या मिळणं बंद झालं होतं. आता धुळवडीला पोरं कपाशीवरच्या औषधाचा डबा डोहात ओतायची.

मी पहिल्या वर्षी गोळा केलेले भुंगेरे कॉलेजातल्या माझ्या सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बराच वेळ पाहिले. असा पूर्वी कोणी नोंदवलेला दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं. पण मी आणलेल्या सगळ्या माद्या निघाल्या. या कुळातल्या जवळच्या जातींच्या माद्या एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा असतात. जात ठरते ती नराचं पोट फोडून आतला अवयव बाहेर काढल्यावर. त्याचा आकार प्रत्येक जातीत वेगळा. बाहेरून नर ओळखू येत नाही. सर म्हणाले, "नर आण. नर नाही तर नाव नाही." माझा प्रबंध, एम.एस्सी. आणि पुढचं सगळं त्या एका नरावर येऊन थांबलं.

होळीला मी गावी आले तेव्हा नाला तुटक झाला होता. वाहतं पाणी उरलं होतं ते डोहाच्या खालच्या तोंडाशी, बैलगाडी उभी राहील एवढ्या लांबीची एक धार. डोहात औषध पडलं की पहिलं तिथंच येणार. मी पोचल्याबरोबर कामाला लागले. धारेतला दगड काढायचा, परातीत ठेवायचा आणि थांबायचं. दगड वाळायला लागला की भुंगेरे चालायला लागतात, मग चिमट्यानं उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे. दुपारभरात हाताला अगदी थोडे लागले.

काका म्हशी घेऊन आला आणि काठावर बसला. "काय शोधून राह्यली व पोरी? सोनं हाय काय नाल्यात?"

मी त्याला सांगितलं की हा किडा अजून दुसरीकडे कुठंच सापडलेला नाही, फक्त आपल्या नाल्यात आहे. मला वाटलं गावाला बरं वाटेल. पण आमच्या गावात या वाक्याचा एकच अर्थ होतो. मागच्या उन्हाळ्यात जंगलात वाघीण दिसली, तर जंगलखात्याच्या पाट्या लागल्या, चराई बंद झाली आणि मोहफुलं वेचायला गेलेल्या बायांना हाकलून दिलं. रात्री होळी पेटेपर्यंत घरोघर पोचलं होतं की मला नाल्यात सरकारी किडा सापडला, आता नालाही जाणार. मायला हे हापशीवर कळलं. तिनं मला सांगितलं तेव्हा बाबा खाटेवर पडून ऐकत होते.

सकाळी मी निघाले तर बाबा मागोमाग आले. बोलावलं नव्हतं. परात त्यांनी काखेत धरली होती.

मी नुकतीच धारेत उतरले होते, तेवढ्यात काका आला, सोबत त्याची दोन पोरं आणि आणखी चारजण. सगळे प्यालेले. औषधाचा डबा काकाच्याच हातात. तो डोहाकडे वळलाच नाही, सरळ धारेकडे आला.

"आज इथंच टाकतो," तो म्हणाला. "किडाच नाई राह्यला तं सरकार येईन कायले?"

मी खालून ओरडून सांगत होते की सरकार येणार नाही, वाघाचं वेगळं असतं, मला फक्त आजची सकाळ द्या. कोणी ऐकलं नाही. बाबा काकाच्या वाटेत उभे राहिले.

"माहा हात इथं पडला हाय," बाबा म्हणाले. "आज माहा हिस्सा पह्यले."

काका हसला. "तुहा हिस्सा तं तवाच देल्ला ना भाऊ. दोन पानं भरून."

बाबांनी डोकं खाली घातलं आणि तेच काकाच्या तोंडावर मारलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला पाण्यात ऐकू आला. मग पोरं बाबांवर तुटून पडली. बाबांनी थोट्या हाताचं हाड एकाच्या घशात घातलं, दुसऱ्याचा कान दातात धरला. कोणीतरी तुराटीचा भारा वाहायचा दांडा उचलला आणि बाबांच्या पाठीत घालायला लागला. काकाच्या हातातला डबा दगडावर आपटून फुटला आणि सगळं औषध दुधासारखं पांढरं होऊन धारेत उतरलं.

मी बाबांकडे गेले नाही. मला दोन्हीकडे जाता येत नव्हतं. कमरेचा पांढरा पंचा सोडून मी धारेच्या खालच्या टोकाला आडवा धरला, एक टोक दगडाखाली, एक पायाखाली. आधी मासे आले, पोट वर करून, तोंड उघडं टाकून. मग झिंगे, वाकडे होऊन थरथरणारे. आणि मग भुंगेरे. पुरातही न सोडणाऱ्या त्या नख्या सुटल्या होत्या. दुपारभर एकेक करून वेचायला लागले होते, ते आता मूठमूठभर पंच्यावर येऊन पडत होते, पाय आखडलेले. औषधानं माझे डोळे जळत होते, हात कोपरापर्यंत चुरचुरत होते. मी पंच्यावरच ओकले, ओकारी हातानं बाजूला केली आणि किडे बाटल्यांत भरत राहिले. वर दांडा अजून चालू होता.

माय गावातल्या बाया घेऊन आली तेव्हा मारामारी थांबली. बाबांच्या दोन फासळ्या मोडल्या होत्या, काकाचं नाक कायमचं वाकडं झालं. दोघांना एकाच ट्रॉलीत घालून नेलं. त्याच ट्रॉलीत मी, सलाइन लागेपर्यंत बाटल्या मांडीवर धरून. बाबांनी वाटेत एकदाच विचारलं, "भेटला काय?" मी म्हटलं, पोट फोडल्याशिवाय कळत नाही. ते म्हणाले, "मंग फोड."

कॉलेजात परतल्यावर मी फोडायला बसले. बारीक सुई, काचेची पट्टी, एकेकाचं पोट. मादी. मादी. मादी. सर येऊन पाहून जायचे. पहिली बाटली संपली, दुसरी संपली. तिसरीतल्या एकाचं पोट उघडलं आणि आतून वाकलेला, टोकाला दुभंगलेला, मधाच्या रंगाचा काटा बाहेर आला. मी सरांना हाक मारली नाही. आधी स्वतः पोटभर पाहिलं. नंतर त्याच बाटलीत आणखी नर निघाले.

त्या उन्हाळ्यात धारेत एकही भुंगेरा उरला नाही. पावसाळ्यानंतर वरच्या जंगलातल्या ओहोळांतून पुन्हा आले. धुळवडीला औषध अजूनही पडतं. सरकार आलं नाही, ते मी काकाला दरवर्षी ऐकवते.

आमच्या नाल्यातला भुंगेरा नवी जात म्हणून छापून आला. तिचं नाव आमच्या नाल्यावरून आहे, आणि ती शोधणारी म्हणून छापलेलं नाव माझं. त्याच वर्षी मी एम.एस्सी. झाले.