मिस्सानंतरची सुनावणी

तिचं नाव मला आजही माहीत नाही. वसईच्या वाड्यांना पाणी पुरवणारं एक बावखल बुजवून तिथून रस्ता काढायचा होता. लोकांचं म्हणणं ऐकायला प्रभागाच्या साहेबांनी सुनावणी ठेवली, तीही रविवारी सकाळी, नेमकी मिस्साच्या वेळी! हॉलमध्ये आम्ही चार फ्लॅटवाले. कोणाची हरकत नाही म्हणत साहेब उठले, तोच लाल लुगड्यातली एक म्हातारी आत आली. मागे अख्खं चर्च. तिने रोझरी कमरेला खोचली, कामाला लागताना पदर खोचावा तशी, आणि साहेबांसमोर खुर्ची ओढली.

"फादरचं ऐकून आलो. आता तुमी आमचं ऐका."

साहेब बसले. दुपार टळेपर्यंत ऐकत राहिले.

बावखल आजही काठोकाठ भरलेलं असतं. रस्ता त्याला वळसा घालून जातो.