भाषेच्या रकान्यात मराठी

फॉर्म मी भरला. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात अजूनही कधीमधी तो विषय निघतो आणि ह्यांच्या बोलण्यावरून असं वाटतं की फॉर्म आपोआप भरला गेला.

मार्चमध्ये ह्यांच्या कंपनीने लखनौचं ऑफिस बंद केलं. एकोणीस वर्षांची नोकरी, आणि शेवटच्या दिवशी एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एचआरचा एक मेल. मेलमध्ये लिहिलं होतं की आणखी एका महिन्याने आपला आणि आपल्या पत्नीचा ऑफिसचा आरोग्य विमा संपेल. ह्यांचं वय अठ्ठावन्न, माझं चौपन्न. शाल मी कपाटात ठेवली, घड्याळ ह्यांनी इमारतीच्या चौकीदाराला देऊन टाकलं, आणि मेलचं काय करायचं ते दोघांनाही सुचेना.

घाई असण्याचं कारण ह्यांचं हृदय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरला, म्हणजे आमच्या गावी, गेलो होतो तेव्हा ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. लखनौत ही गोष्ट कुणालाही माहीत नाही. ऑफिसात सांगितलं, भाच्याचं लग्न होतं. शेजारच्या भाभींनाही लग्नच सांगितलं, आणि त्यांनी फोटो मागितले तेव्हा मी कुठल्यातरी जुन्या लग्नाचे दाखवले. मुलगी बंगळुरूला असते. तिला ॲसिडिटी सांगितली. तिला मराठी सगळं कळतं पण बोलते हिंदी, त्यामुळे तिने "पापा को बोलो मिर्ची कम खाएँ" एवढं म्हणून विषय संपवला.

त्या वेळी ऑफिसात माणसं कमी करायची यादी बनत होती आणि आजारी माणसाचं नाव सगळ्यात वर जातं असं ह्यांचं ठाम मत होतं. म्हणून विमा असूनही वापरला नाही. क्लेम केला की एचआरला कळणार! सगळा खर्च आम्ही आमच्या बचतीतून केला. मला तेव्हाही ह्यांचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. विमा होता तेव्हा आजार लपवला, आणि आता यादीबिदी काही न करता अख्खं ऑफिसच बंद झालं.

तर एका दुपारी मी लॅपटॉप उघडला. 'आपला प्रीमियम पाहा, फक्त दोन मिनिटांत.' मला फक्त पाहायचंच होतं. नाव विचारलं, दिलं. जन्मतारीख, पिनकोड, तेही दिलं. मोबाइल नंबर दिल्याशिवाय आकडा दिसेना. हे अनोळखी फोन उचलत नाहीत, म्हणून माझा नंबर दिला. मग आजारांचे छोटे छोटे चौकोन आले: मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, हृदयविकार. हे पेपर घेऊन माझ्या मागे उभे होते. मी वळून पाहिलं.

"काही नाही कर," हे म्हणाले. "आधी आकडा तर कळू दे."

मी 'यापैकी काही नाही' दाबलं. त्याखाली कशाला तरी संमती असल्याची खूण आधीच केलेली होती. ती मी वाचली नाही. गॅसवर दूध होतं, आणि ते वर येण्याच्या आत पहिला फोन आला.

त्यानंतरच्या महिन्याचं काय सांगू! एक माणूस नोएडाहून बोलायचा आणि "मैम, आप तो जानकीपुरम में रहती हैं ना" असं इतक्या जिव्हाळ्याने म्हणायचा की मी खिडकीतून खाली बघायची. अमीनाबादला उशांच्या अभ्र्यांचं कापड बघताना फोन. तेलीबागला एका ओळखीच्या घरी सांत्वनाला गेले, तिथे फोन. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून तोच आवाज. मी चिडून बघितलं, गोड बोलून बघितलं, "भैया, हमने ले लिया" असं खोटंही सांगून बघितलं. तेव्हा कुणाकडून घेतलं, कितीचं घेतलं, हे विचारायला आणखी फोन आले. माझ्या वाढदिवसाला सकाळी चार कंपन्यांनी शुभेच्छा दिल्या. ह्यांनी संध्याकाळी दिल्या, तेही मी आठवण केल्यावर. मी फार दमून गेले होते. फोन वाजला की हाताला जडपणा यायचा, आणि तरी उचलायची, कारण विमा तर हवाच होता.

आता आमची एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्हाला लखनौत येऊन बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत आम्ही चारचौघांत मराठी फक्त एकाच कामासाठी वापरली: समोरच्याला कळू नये म्हणून. कपड्याच्या दुकानात दुकानदार पुढ्यात बसलेला असताना हे शांतपणे म्हणतात, "पलीकडे स्वस्त आहे, उठ." पाहुणे बसलेले असताना मी म्हणते, "चहा दुसऱ्यांदा विचारू नका, दूध संपलंय." चेहरा हसरा ठेवायचा आणि मराठीत बोलायचं, बस. मुलगी लहान असताना आमची ही कला बघून लाजायची. शेजारच्या भाभींना तर अजून वाटतं की आम्ही एकमेकांशी फार प्रेमाने बोलतो.

एप्रिलच्या शेवटी, जुना विमा संपायला चार दिवस असताना, एका मुलीचा फोन आला. हिंदी साधी, आवाज तरुण, घाई अजिबात नाही. तिने शेवटचे प्रश्न वाचायला घेतले. हातात पीठ होतं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"मैम, सर को कभी हार्ट की कोई तकलीफ, कोई प्रोसीजर?"

"एक मिनट," मी म्हटलं आणि ह्यांना हाक मारली.

"आप सर से आराम से पूछ लीजिए, मैं लाइन पर हूँ."

आणि आम्ही तिच्यासमोर, म्हणजे फोनसमोर, आमचा मराठीचा पडदा ओढला.

"स्टेंटचं सांगू नकोस," हे म्हणाले.

"अहो, पण उद्या काही झालं तर?"

"फाइल नागपूरला आहे. इथे कुणाला काय कळतंय? नाही म्हणून सांग."

"आणि रोजच्या गोळ्या?"

"व्हिटॅमिनच्या म्हण. अगं, खरं सांगितलंस तर आपल्याला कुणी उभं करणार नाही. माझ्यामुळे तुझाही विमा जाईल."

मी पिठाच्या हाताने कपाळ पुसलं आणि फोनकडे वळून गोड आवाजात म्हटलं, "नहीं बेटा, कोई तकलीफ नहीं."

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मला मराठी कळतं. मी अकोल्याची. आणि हा कॉल रेकॉर्ड होतोय."

मला जी लाज वाटली तशी आयुष्यात क्वचित वाटली असेल. हे स्वयंपाकघरातून निघून गेले. मी तिथेच उभी, आणि तोंडातून निघालं ते एवढंच: "आता काय करू गं?"

"खरं लिहू या," ती म्हणाली. "लपवलंत आणि उद्या ॲडमिट व्हावं लागलं, तर जुनी फाइल निघतेच. मग क्लेम नाकारतात. आमच्याकडे कदाचित घेणार नाहीत काकांना, पण दुसरीकडे बघा. खोटं नका लिहू."

मग मी तिला सगळं सांगितलं. तारीख, नागपूरचं हॉस्पिटल, गोळ्यांची नावं. दोन वर्षं जे बहिणीलाही सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी मुलीला उभ्या उभ्या सांगून टाकलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. तिने जेवलात का विचारलं. शेवटी म्हणाली, "भाषेच्या रकान्यात हिंदी आहे. मराठी टाकू का?"

"टाक," मी म्हटलं. मला आनंद झाला होता.

तिच्या कंपनीने ह्यांना नाकारलं. दुसऱ्या कंपनीने सगळे रिपोर्ट मागवले आणि मग नाकारलं. तिसरीने घेतलं, पण हृदयाच्या कुठल्याही दुखण्याला पहिली तीन वर्षं पैसे मिळणार नाहीत या अटीवर. ह्यांनी कागद वाचून माझ्याकडे सरकवला. "म्हणजे तीन वर्षं मी फक्त गुडघ्यांनी आजारी पडायचं," हे म्हणाले. तेवढाच काय तो विनोद. त्यानंतर ह्यांनी हृदय हा शब्द उच्चारला नाही, आणि मीही काढला नाही.

फोन मात्र थांबले नाहीत. फरक एवढाच की ते आता मराठीत येऊ लागले. "नमस्कार काकू" म्हणून सुरुवात. कुणी पुण्याहून, कुणी ठाण्याहून. मी एका रकान्यात एक शब्द टाकू दिला होता, आणि तो कुठे कुठे पोचला कोण जाणे. स्टेंटची बातमीही त्याच वाटेने गेली असणार. मला सगळ्यात वाईट वाटलं ते भाषेचं. जन्मतारीख गेली, पत्ता गेला, त्याचं एवढं काही वाटलं नव्हतं. पण फोन चालू असताना ह्यांच्याशी चोरून बोलायला आता आमच्याकडे भाषाच उरली नव्हती. आम्ही हातवारे करायला लागलो.

परवा संध्याकाळी हे दूध आणि दुधी घेऊन आले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि जिन्यातली चाहूल स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्पष्ट ऐकू येते. ह्यांची पावलं पहिल्या मजल्यावर थांबली. मग चालू झाली. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबली, या वेळी जरा जास्तच. मी कढईतलं ढवळायचं विसरले. हे आत आले, पिशवी ठेवली, एक शब्द न बोलता बाहेर जाऊन बातम्या लावल्या. नेहमीसारखं मीही काही विचारलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार काकू. काकांची तब्येत आता कशी आहे?"

आवाज कुणा नव्याच मुलीचा होता. ती काहीतरी विकायला बसली होती, हे मला कळत होतं. तो प्रश्न तिच्यासमोरच्या पडद्यावर लिहिलेला असणार, हेही कळत होतं. एरवी मी "बरी आहे, नको आम्हाला काही" म्हणून फोन ठेवते. पण या अख्ख्या शहरात ह्यांच्या तब्येतीची चौकशी करणारं दुसरं कुणीच नव्हतं. असणार कसं? आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं.

"बरी नाही," मी म्हटलं. "आत्ता जिना चढताना दोनदा थांबले. मागच्या महिन्यात थांबत नव्हते. मला भीती वाटते गं. रोज वाटते."

पलीकडची मुलगी गडबडली. मग तिने कुठल्यातरी टॉप-अप योजनेचं नाव घेतलं आणि वाचायला लागली. बाहेरच्या खोलीत बातम्यांचा आवाज बंद झाला. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"दोनदा नाही," हे म्हणाले. "तीनदा. सगळ्यात आधी खाली, पहिल्या पायरीपाशी. ते तुला ऐकू आलं नसेल."

फोनमधून "हॅलो, काकू, ऐकताय ना?" चाललं होतं. मी फोन बंद केला. ह्यांनी ओट्याखालचं स्टूल ओढलं, बसले आणि छातीवर हात ठेवून थोडा वेळ श्वास घेत राहिले.

"आपल्या पोरीला फोन लाव," हे म्हणाले. "मी बोलतो तिच्याशी."